धक्क्यावरची सॅमन

मुलीच्या अमेरिकेतल्या घराजवळ समुद्रासारखं विशाल तळं आहे. पानगळ सुरू झाली की त्यातले सॅमन मासे अंडी घालायला नदीत शिरतात आणि नदीच्या मुखाशी, धक्क्यावर, गळ टाकणाऱ्यांची गर्दी होते. आम्ही दोघं रोज तिथे फिरायला जायचो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ह्यांचा बधिर झालेला उजवा हात कोटाच्या खिशातच असायचा. "मेलाय तो," असं हे म्हणायचे.

एका सकाळी धक्क्यावर आमच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या गळाला भलामोठा सॅमन लागला. "जाळं धरा, जाळं!" त्या ओरडल्या. मी पुढे होण्याआधीच ह्यांनी वाकून लांब दांड्याचं जाळं दोन्ही हातांनी पाण्यात घातलं आणि मासा वर घेतला. उजवा हात थरथरत होता, पण सुटला नाही.

मादी होती, पोट अंड्यांनी टच्च भरलेलं. बाईंनी गळ काढून तिला जाळ्यातूनच पुन्हा पाण्यात सोडलं. एवढ्या झटापटीनंतरही ती नदीकडेच वळली. प्रवाहाविरुद्ध जायचं बळ कुठून येत असेल? बहुधा जायचंच असतं, म्हणून येत असावं.

ह्यांनी ओले हात एकमेकांवर चोळले. उजवा माझ्यापुढे धरून म्हणाले, "गार पडलाय गं."

इतक्या महिन्यांत त्या हाताला काही जाणवल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.