वस्तीचं उरलेलं पाणी

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय.

आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या कांताबाई आज आल्या नाहीत. लष्करी छावणीच्या पलीकडं त्यांची वस्ती आहे, तिथं मीच बघायला गेले. बाई हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. वस्तीत नळ नाही, त्यामुळं हा सरकारी टँकर फुकट येतो.

अर्धी रांग बाकी असतानाच ड्रायव्हरनं पाइप गुंडाळला. "संपलं," म्हणाला.

मी टँकरवर थाप मारली. आवाज भरीव आला. मग मी मोबाईल काढला.

तो शांतपणे म्हणाला, "काढा व्हिडिओ. साहेबाला त्याचा हिस्सा जातो, मला काय होत नाय. उद्यापासून टँकर इकडं फिरकणार नाय, बस."

कांताबाईंनी माझा हात धरून खाली केला. "ताई, तुमी घरी जाल. आमाला उद्या बी पाणी लागतंय."

मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि घरी आले. आमच्या सोसायटीच्या गेटात तोच टँकर, तोच ड्रायव्हर. पाइप आमच्या टाकीत सोडलेला. सेक्रेटरीकाका खुशीत होते. "याच्याकडूनच घेतो आपण नेहमी. वस्तीत वाटून उरलेलं असतं, म्हणून स्वस्त देतो."

उरलेलं म्हणे. रिकामे हंडे घेऊन परतलेल्या बायका मी आत्ताच बघून आले होते.

उद्या कांताबाई येतील आणि त्याच पाण्यानं माझी भांडी घासतील. तुम्हीच सांगा, मी त्यांच्यासमोर नळ कोणत्या तोंडानं सोडू?