रशीदाबीचा कफारा

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण मी लिहिलं नाही, तर अमडापुरात रशीदाबी होती हे कुणाला कळणार?

आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. ती आमची शेजारीण. नवरा गेल्यावर एकटीच कापूस पिंजायची. भुवयांवर कापसाचे तंतू आणि तोंडात शपथ. दूध नासलं की म्हणायची, "खुदाची कसम, या गवळ्याचं दूध पुन्हा घेणार नाही!" आणि खरंच घेत नसे.

धाकट्या बहिणीने, जैनबने, लेकीच्या हळदीला विधवेचा हात नको म्हणून तिला बोलावलं नाही. भर रस्त्यात रशीदाबी ओरडली, "खुदाची कसम, तुह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही!"

पुढे जैनब तापाने फणफणली. दवाखाना चिखलीला, बैलगाडीचे हादरे तिला सोसवले नसते. ती सारखी "आपा, आपा" करते, असा निरोप आला. रशीदाबीचं पिंजण थांबलं. मी भीतभीत म्हटलं, "जा ना, चाची."

"काऊन जाऊ वं माय? कसम मोडली तं खुदा तिचाच जीव घेईन."

ती बहिणीच्या दारापर्यंत गेली, आतलं कण्हणं ऐकून परत आली. शेवटी मी तिला मौलवींकडे नेलं. ते म्हणाले, भल्यासाठी कसम मोडता येते. मग कफारा द्यायचा, दहा गरिबांना पोटभर जेवू घालायचं.

ती जवळजवळ धावतच निघाली. मागून मी विचारलं, "कफारा म्हणजे दंड?"

"अरबी शब्द हाय. म्हणजे झाकणं. शेतकरी बियाणं मातीनं झाकते ना, तसं."

"म्हणजे चुकीवर पांघरूण?"

"पांघरूण तं चोरबी घेते! चूक लपवाची नाही वं. चांगल्या कामाखाली गाडाची."

उंबऱ्याशी मात्र ती अडली. डोळे मिटून ती उभीच राहिली. आतून बारीक आवाज आला, "ये ना आपा. उंबरा चावते काय?"

जैनब वाचली. ती उठून बसेपर्यंत रशीदाबीला घास गोड लागला नाही. मग तिने ज्वारीच्या भाकरी थापल्या, डाळ शिजवली. दारात दहाजणांची पंगत बसली. तेवढ्यात भिंत धरत धरत जैनब आली आणि टोकाला बसली.

"मीबी गरीबच आहो. वाढ."

"तुह्यापायीच हे सारं! खुदाची क..."

रशीदाबीने घाबरून स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मशिदीकडे एकदा बघितलं. मग तोंडावरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तिने बहिणीच्या ताटात भाकर वाढली.