मामांची शिदोरी आणि कलकत्त्याचं विमान

आटपाडीहून साताऱ्याला येणाऱ्या रस्त्यावरची निम्मी हॉटेलं बंद पडली ती दुष्काळानं नव्हे, आमच्या मामांमुळं, असं माझं आजही ठाम मत आहे. मामा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. आटपाडीजवळच्या एका गावात त्यांची चार एकर डाळिंबाची बाग आणि बागेच्या कडेला पंधरा-वीस मेंढरं. वाडवडिलांच्या काळी हीच मेंढरं शेकड्यांनी होती, आणि ती घेऊन सगळं घर वर्षातले सात-आठ महिने मुलखोमुलूख हिंडत असे. मामांच्या पिढीनं मेंढरं विकून डाळिंब लावलं, पक्कं घर बांधलं, मोटारसायकल घेतली. पण बाहेर पडायचं तर भाकरी बांधून पडायचं, ही हिंडणाऱ्या माणसाची खोड मामांच्या अंगातून काही गेली नाही. मुंबईला जायचं असो की शेजारच्या गावात तेराव्याला जायचं असो, त्यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत धडपं, म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि धडप्यात शिदोरी असायचीच. आत भाकरी किती, याचा हिशेब प्रवासाच्या लांबीवर नसून "वाटंत कोन भेटंल त्येचा काय नेम?" या एका वाक्यावर चालायचा.

मी लहानपणापासून साताऱ्याचा. वडिलांची नोकरी तिथं होती. मामा वर्षातून चार-पाच वेळा एसटीनं यायचे. गाडी दहिवडीला वीस मिनिटं थांबायची. सगळे उतारू कँटीनकडं पळायचे आणि मामा जागेवरच मांडीवर धडपं पसरायचे. बाजरीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणीचा ठेचा आणि एका बुक्कीत चार पाकळ्या होणारा कांदा. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. ठेच्याचा वास ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गेला आणि ड्रायव्हरनं मागं वळून नुसतंच पाहिलं. मामांनी अर्धी भाकरी पुढं केली. पाठोपाठ कंडक्टर आला. कंडक्टरच्या ओळखीचा म्हसवडचा एक म्हातारा आला. कँटीनमधून परतलेल्या मंडळींनी गाडी का सुटत नाही म्हणून आरडाओरडा सुरू केला, तेव्हा ड्रायव्हर तोंडातला घास गिळत म्हणाला, "आवं थांबा की जरा, मानूस जेवतंय!" त्या दिवशी गाडी साताऱ्याला अर्धा तास उशिरा पोचली, आणि मामांना मात्र आपण काही केलं असं वाटलंच नाही.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न सांगलीत एका मोठ्या कार्यालयात झालं. ताटात सोळा पदार्थ होते, पंजाबी भाजी होती, लाल-हिरवं काहीतरी चायनीज होतं. मामांनी ताट घेतलं, जिलबी खाल्ली, मठ्ठा प्यायले आणि मग खुर्चीखालची पिशवी वर घेतली. नवऱ्या मुलाचे काका समोरच बसलेले. माझे वडील लाजेनं अर्धे झाले. "भाऊजी, अहो पाहुणे बघतायत." मामा शांतपणे म्हणाले, "बगू द्या की. त्यास्नीबी देतो." आणि खरोखरच दिलं. जेवण आटोपल्यावर नवरदेवाच्या काकांनी माझ्या वडिलांना बाजूला घेतलं, तेव्हा आता काय ऐकावं लागतंय म्हणून वडिलांनी डोळे मिटले. काकांनी फक्त चटणीत तीळ घातलेत का, एवढंच विचारलं.

पुढं वडिलांचं साताऱ्यात ऑपरेशन झालं, तेव्हा मामा तिसऱ्या दिवशी तीस भाकऱ्या घेऊन दवाखान्यात हजर. आम्ही माणसं तीन. मी म्हणालो, "मामा, एवढ्या कशाला?" तर म्हणाले, "दवाखान्यात आजाऱ्यापरास त्येची मानसं जास्त वाळत्यात रं. त्यास्नी कोन इचारतंय?" संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या प्रत्येक खाटेखाली बसलेल्या माणसाच्या हातात मामांची भाकरी होती आणि नर्सबाई मला विचारत होत्या, हे उद्या पण येणार आहेत का?

हे सगळं मी आज कौतुकानं लिहितोय. त्या वेळी मला कौतुक वाटत नव्हतं. शिकलो, नोकरीला लागलो, लग्न झालं, तसतशी मला त्या पिशवीची लाज वाटायला लागली. मामा घरी आले की आनंद व्हायचा. पण चार लोकांत त्यांच्यासोबत जायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढून टाळायचो.

आणि मग विमान आलं. मामांचा मुलगा कलकत्त्याला गलाईच्या धंद्यात आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली शेकडो पोरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. आधी मामा आणि आत्या त्याच्याकडं रेल्वेनं जायचे, दोन दिवसांच्या दशम्या बांधून. या वेळी त्यानं तिथं स्वतःचं घर घेतलं आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांची विमानाची तिकिटं काढली: मामा, आत्या, मी, माझी बायको आणि आमची आठ वर्षांची मुलगी. मी तेवढा आधी विमानात बसलेला, म्हणून मोहिमेचा पुढारी मी.

मी आठवडाभर आधीच फोन केला. "मामा, विमानात खायला मिळतं हां. काही आणू नका."

"फुकट मिळतंय?"

"नाही, विकत."

"मंग मिळतंय कशाला म्हनतूस? इकत तर समदंच मिळतंय."

आदल्या दिवशी दोघं साताऱ्याला मुक्कामाला आली. पिशवी नेहमीपेक्षा फुगलेली. आत्यानं दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, धपाटी, गूळ, चटणी, सगळं एका मोठ्या धडप्यात. पहाटे पाचला गाडीत सामान भरताना मी स्वयंपाकघरात एकटाच होतो. पिशवी कट्ट्यावर होती. मी धडपं बाहेर काढलं, फ्रीजच्या मागं सरकवलं आणि पिशवी रिकामी वाटू नये म्हणून त्याजागी मुलीची शाल घडी करून भरली. वर चटणीची पुडी आणि दोन कांदे तेवढे ठेवले. विमानात सँडविच घेऊ, मामांना वाटेल घाईत राहून गेलं, आणि चारचौघांत शोभाही होणार नाही. मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं.

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडकली. जवानानं कांदे वर काढले आणि हिंदीत विचारलं, कापायला चाकू वगैरे आहे का? मामांना प्रश्न कळला. त्यांनी उजव्या हाताची मूठ त्याच्या नाकासमोर धरली. "चाकू कशाला? ही हाय की!" जवान दोन पावलं मागं सरला. मी मध्ये पडून समजावलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, आमच्या गावीही असाच फोडतात. मामा खुशीत येऊन त्याला म्हणाले, "खाली दशम्या हायती. काढू का? खातूस?" मी घाईघाईनं मामांचा दंड धरून त्यांना पुढं ओढलं.

विमानाला उशीर होता. आधी अर्धा तास, मग एक तास, मग आणखी पाऊण. आत्याला साखरेचा आजार. आठ वाजता तिनं गोळी घेतली होती, आणि पहाटे निघताना खाल्लेली अर्धी पोळी सोडली तर पोटात काही नव्हतं. मामा दर दहा मिनिटांनी पिशवीकडं हात न्यायचे. "हिला घास देतो रं." आणि मी दर वेळी म्हणायचो, "आता बोलावतीलच मामा. आत बसल्यावर निवांत खा की." तिथंच उठून मी काहीतरी विकत आणू शकलो असतो. पण आणलं असतं तर मामांनी नको म्हणत पिशवी उघडली असती. म्हणून मी बसून राहिलो. त्या वेळी जे माझ्या डोक्यात चाललं होतं ते आज लिहितानासुद्धा बरं वाटत नाही.

शेवटी विमान उडालं आणि ढगांत शिरताच हादरायला लागलं. पट्टे सोडू नका, अशी सूचना झाली. हवाईसुंदऱ्याही आपापल्या जागी पट्टे बांधून बसल्या. मामा, मधे आत्या, आणि कडेला मी. आत्या काहीच बोलत नव्हती. मला वाटलं विमानाला घाबरली असेल. मामांनी तिच्या हाताला हात लावला आणि एकदम म्हणाले, "गार पडली की गं." तिच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ थरथरत होते. मामांनी पिशवीची चेन ओढली. कांदे बाजूला केले, हात खाली घातला आणि शाल बाहेर आली. त्यांनी ती उलगडून पाहिली. परत हात घातला. मग पिशवी मांडीवर पालथी केली. चटणीची पुडी पायाशी पडली.

मामांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. दुष्काळात बाग वाळली तेव्हाही नाही. "बांदलं व्हतं गं आपुन," ते आत्याला म्हणाले, "तुज्यासमूर बांदलं व्हतं न्हवं?" आत्याची मान त्यांच्या खांद्यावर कलली.

मी बटण दाबत सुटलो. मागच्या रांगेतून माझी बायको ओरडली, "शुगर लो झालीय, कुणीतरी ज्यूस आणा!" तशा हादरणाऱ्या विमानात एक हवाईसुंदरी पट्टा सोडून, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ज्यूसचा डबा घेऊन आली. मामांनी तो डबा तिच्या हातातून घेतला आणि आत्याच्या ओठाला लावला. घोट घोट पाजला. दुसरा डबा आला. वर साखरेच्या दोन पुड्या आल्या. पंधरा मिनिटं गेली असतील. मला ती साताऱ्याहून आटपाडीला चालत गेल्यासारखी वाटली. मग आत्यानं डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि पदर सारखा करत म्हणाली, "समदी माज्याकडंच का बघायल्यात?"

तेव्हा कुठं मामांनी खुर्चीला पाठ टेकली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, धडपं मी काढलं. घरी ठेवलंय. शाल मीच भरली."

त्यांनी पायाशी पडलेली चटणीची पुडी उचलून पिशवीत ठेवली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "लाज वाटली व्हय रं?"

"व्हय, मामा."

"मंग सांगायचं की तसं. तुज्यापासनं चार खुर्च्या लांब बसलो आस्तो."

एवढंच. ते रागानं बोलले असते तर मला बरं झालं असतं. ते अगदी मनापासून, अडचणीवर तोडगा सांगावा तसं बोलले होते. कलकत्त्यात वास्तुशांती झाली, पंगती उठल्या, आठ दिवस आम्ही एका घरात राहिलो. मामांनी ही गोष्ट मुलाला सांगितली नाही की सुनेला नाही. आत्याला कळली होती. ती मला एकटा गाठून म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगंस. पर आदी सांगिटलं आस्तंस तर म्या दोन दशम्या कमरंला बांदल्या आस्त्या."

येताना मी पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या वहिनींच्या, म्हणजे मामांच्या सुनेच्या, शेजारी बसलो आणि पोळ्यांची चळत स्वतःच्या बॅगेत भरली. विमान वेळेवर सुटलं. कुणाला भूक नव्हती. तरी मामांनी सगळ्यांना खायला लावलं, आणि पलीकडच्या ओळीतल्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्या एका साहेबालाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आत्या गेली. झोपेतच गेली. मामांनी वर्षभर बागेत एकट्यानं काढलं. मग बाग भावकीतल्या एकाला कसायला दिली आणि ते मुलाकडं राहायला निघाले. त्यांना विमानतळावर सोडायला मी आणि बायको गेलो. गाडीतून उतरले तेव्हा कपड्यांची एक बॅग तेवढी होती. बायकोनं पहाटे उठून भाकरी केल्या होत्या. तिला भाकरी धड जमत नाही. तिला ते माहीत आहे. तिनं डबा पुढं केला.

"आगं, कशाला तरास घेतलास?" मामा म्हणाले. "एकट्याला काय, कुटंबी चालतंय. आत मिळतंय की समदं."

बायकोचा हात डब्यासकट तसाच पुढं राहिला. मामांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी डबा घेतला, तिथंच ढकलगाडीवर ठेवून उघडला, सहा भाकऱ्या मोजल्या. त्यांतल्या दोन रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवल्या आणि उरलेल्या चार डब्यात तशाच ठेवून डबा बायकोच्या हातात परत दिला.

"सातारा काय जवळ हाय व्हय," ते म्हणाले. "वाटंत भूक लागंल तुमास्नी."

मग दारावरच्या जवानाला तिकीट दाखवून ते आत गेले. आत गर्दी होती. कुठल्या रांगेत लागायचं ते त्यांनी एका पोरीला विचारलं, तिनं हात करून दाखवलं, आणि पुढं आम्हाला ते दिसले नाहीत.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट लागायच्या आधी रस्त्याकडेला एक चिंच आहे, तिथं मी गाडी थांबवली. समोर दोन हॉटेलं होती, दोन्हीत गर्दी. आम्ही चिंचेखाली उभ्या उभ्या डबा उघडला. भाकरी जाड झाली होती, कडेला जराशी कच्चीही. आम्ही चारही संपवल्या.