नसलेली जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, कारण त्या दिवशी ती दाराआड उभी होती. उरलेलं अर्धं तिलाही माहीत नाही. तुम्हाला लिहून सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्याकडे काही विकत घ्यायला आलेला नाहीत. दुकानात आलेल्या माणसाशी खरं बोलायची मला सवयच राहिलेली नाही.

मी गावंडे. मूळचा वाशीमकडचा. मिसरूड फुटायच्या वयात पुण्यात आलो, हातगाडी ओढली, भंगार वेचलं, आणि पुढे कसबा पेठेत जुन्या ऑफिस फर्निचरचं दुकान टाकलं. वर दोन खोल्यांत संसार. कुणी हात दिला नाही — असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. तेही तपासून बघायला हवं, पण ते पुढे.

त्या काळात शहरात काँप्युटरच्या कंपन्या निघू लागल्या होत्या. आज एका मजल्यावर दहा पोरं, सहा महिन्यांत तीन मजले. जागा बदलली की फर्निचर बदलायचं. फिरत्या खुर्च्या, टेबलं, लोखंडी कपाटं — सगळं मी उचलायचो आणि दुसऱ्या नव्या कंपनीला विकायचो. चांगलं चाललं होतं. त्या टाय लावलेल्या पोरांकडे बघून मी ठरवलं होतं, माझी मुलगी आशू इंग्रजी शाळेत जाणार.

गेलो. मुलाखत आईबापांची असते, हे मला तिथे कळलं. बायकोने, सुमनने, नवी साडी नेसली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं, मग आमचे चेहरे बघून मराठीत विचारलं, "घरी इंग्रजी कोण बोलतं?" मी म्हणालो, "टीव्ही." मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. यादीत आशूचं नाव आलं नाही. दुसऱ्या शाळेत गेलो, तिथेही नाही. तिसऱ्या शाळेच्या वॉचमनशीच मी इतका भांडलो की आत जायची वेळच आली नाही. त्या पहिल्या शाळेचा राग माझा अजून गेलेला नाही. आजही तिच्यावरून जाताना मी उगाच हॉर्न वाजवतो. हसा तुम्ही. मी वाजवतोच.

तर मे महिना आला आणि माझ्या मुलीला शाळा नव्हती. हे नीट लक्षात ठेवा. माझ्याकडे काहीही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात तांबोळीबाई दुकानाच्या दारात आल्या.

महापालिकेच्या शाळेतल्या बाई. सुट्टीत घरोघर फिरून पहिलीसाठी मुलं गोळा करायचं काम त्या शिक्षकांना करावं लागे. हातात छत्री, पायात साध्या चपला, घामाने कपाळाला चिकटलेले केस. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं घर त्यांचं. बोलणं असं की शब्द वाया जायचा नाही. शेजारच्या किराणावाल्याने त्यांना सांगितलं होतं, गावंडेंची मुलगी पाच वर्षांची झाली आहे.

बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगून टाकलं. यंदा पट कमी आहे. दोन-चार मुलं आणखी मिळाली नाहीत, तर पहिलीची तुकडी बंद होईल, आहेत ती मुलं लांबच्या शाळेत जातील, आणि निम्मी तर जाणारच नाहीत. "तुमची मुलगी द्याल का?" म्हणाल्या. इतकं सरळ.

आता माझा धंदा समजून घ्या. गरज सांगितली की माणूस हरला. मी कधी कुणाला कळू दिलं नाही की मला माल हवाय, की मला पैसे हवेत. आणि या बाई स्वतःची गरज हातात धरून दारात उभ्या. माझ्या डोक्यात काय आलं असेल? आलं ते हे — बाईंना माझ्यापेक्षा जास्त गरज आहे. म्हणजे भाव माझा.

मी म्हणालो, "बाई, आशूला इंग्रजी शाळेत जागा मिळाली आहे. शाळेची बस दारात येते. ती सोडून तुमच्याकडे कशाला पाठवू?"

आतल्या दाराआड सुमनच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मग मी अटी घातल्या. मुलीला रोज दुकानातून न्यायचं आणि दुकानात आणून सोडायचं. मधे मोठा रस्ता होता आणि सुमनच्या कडेवर धाकटा होता. पहिल्या बाकावर बसवायचं. शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ वेगळं इंग्रजी शिकवायचं, कारण तेव्हा महापालिकेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. बाई ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "गावंडे, मुलगी शाळेत घालताय की टेबल विकताय?"

"टेबल असतं तर एवढा वेळ लावला नसता, बाई."

त्या हसल्या. माझ्या विनोदाला हसल्या! आणि सगळ्या अटी मान्य केल्या. वर म्हणाल्या, "हातातली जागा सोडताय, मी विसरणार नाही."

त्या गेल्यावर सुमन बाहेर आली. तिची भाषा अजून आमच्याकडचीच. "बाईच्या तोंडावर खोटं काऊन बोलले जी तुम्ही? त्या तर अशाही घेऊन जात होत्या पोरीले." मी म्हणालो, धंद्यातलं तुला कळत नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. सुमनला माहीत असलेलं अर्धं ते इतकंच.

एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. धंद्यात माणूस बोलतो. पण...

बाई रोज सकाळी लुनावरून यायच्या. दुकानासमोर थांबून एकदाच हॉर्न. आशू मागे बसायची, दोन्ही हातांनी त्यांच्या पदराला घट्ट धरून. दुपारी परत. इंग्रजीसाठी त्यांनी स्वतः पुस्तकं आणली. आशूला धडे यायला लागले, पाढे आले, गाणी आली. मला येत नव्हता तो हिशेब तिला तोंडी यायला लागला. मला खात्रीने माहीत होतं की असं कुठलीही बस देत नाही. मी कधी आभार मानले? कसे मानणार? मानले असते, तर उपकार माझ्यावर आहेत हे कबूल झालं असतं. आमच्यात ठरलेलं उलटं होतं. दिवाळीला भेटकार्ड यायचं ते बाईंचं मला.

आता त्या दिवसाचं. मघापासून मी टाळतो आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आशू तिसरीत होती. टेलिफोनची केबल टाकायला सगळा रस्ता खणून ठेवला होता. दुकानात एका नव्या कंपनीचा तरुण साहेब आला होता, एकदम चाळीस खुर्च्या घ्यायच्या होत्या त्याला. एवढं मोठं गिऱ्हाईक माझ्याकडे पहिल्यांदाच. भाव अगदी ठरायला आला होता, आणि बाई आत आल्या. पायी. उजव्या हाताने आशूला धरलेलं. साडीला माती. लुना वाळूवरून घसरली होती. आशूचा गुडघा खरचटला होता, ती रडत होती. बाई मला म्हणाल्या, "पडलो आम्ही. हिला फार लागलेलं नाही, मी बघितलंय. आधी तुम्हाला सांगायला आले."

मी काय केलं असेल?

मी ओरडलो. गिऱ्हाइकासमोर, रस्त्यावरची माणसं थांबून बघतील इतक्या मोठ्याने. "इंग्रजी शाळेची बस दारात येत होती माझ्या! ती सोडून पोर तुमच्या हवाली केली, ती अशी रस्त्यात पाडायला?"

नसलेली शाळा. नसलेली बस. तिसऱ्या वर्षी ती मी हत्यारासारखी काढली — आणि खरं सांगतो, बोलताना मला ती बस दिसत होती. इतक्या वेळा सांगितली होती, की मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, मी काहीतरी सोडलं आहे.

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं, गावंडे." आणि वळून गेल्या. तो तरुण साहेब खाली बघत खुर्चीचं चाक पायाने फिरवत होता. मी आशूला वर पाठवलं आणि पुन्हा भावावर आलो. मला हवा होता तो भाव मिळाला.

संध्याकाळी कळलं, बाईंचं डावं मनगट मोडलं होतं. पोरीचं डोकं आपटू नये म्हणून हात खाली घातला होता त्यांनी. मी सुमनला म्हणालो, "अरेरे, मला कळलंच नाही." सगळ्यांना तेच सांगितलं. सुमनला माहीत नसलेलं अर्धं हे. मला कळलं होतं. बाई दुकानात शिरल्या तेव्हाच मी तो हात पाहिला होता. तो पदरात धरलेला होता आणि सुजत होता. मला जुनी खुर्ची लांबून बघून तिचा कुठला पाय ढिला आहे ते सांगता येतं. मला तो हात दिसला नसेल?

दिसला होता, म्हणूनच ओरडलो. आधी मी ओरडलो नसतो, तर मला काहीतरी द्यावं लागलं असतं. रिक्षा, दवाखाना, निदान एक ग्लास पाणी.

प्लास्टर होतं तोवर लुना बंद. मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या सोमवारी सकाळी हॉर्न नाही, हाक आली. "आशू!" गळ्यात हात अडकवलेला, दुसरा हात पुढे केलेला. प्लास्टर निघेपर्यंत त्या पोरीला चालत घेऊन गेल्या आणि चालत घेऊन आल्या. राहू द्या बाई, मी सोडतो — एवढं म्हणायला मला जीभ नव्हती का? होती. चांगली धारदार होती. मी शटर वर करायचो आणि सौदा सौदा असतो, असं मनाशी म्हणायचो.

चौथीनंतर आशू मोठ्या शाळेत गेली. पुढे शिकली, इंजिनीअर झाली. आज हिंजवडीत नोकरी करते आणि परदेशातल्या लोकांशी फोनवर त्या इंग्रजीत बोलते, ज्याची पहिली अक्षरं एका मराठी शाळेच्या रिकाम्या वर्गात, घरी जायची वेळ टळून गेल्यावर, बाईंनी गिरवून घेतली होती. मी घासाघीस करून मागितलं होतं ते मिळालंच. मागितलं नव्हतं तेही मिळालं. आशू चिडली की आवाज चढवत नाही, खाली आणते. हे तिला माझ्याकडून आलेलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने कार्यक्रम केला. आम्ही सगळे गेलो. भाषणात बाईंनी मलाच उभं केलं. म्हणाल्या, "एका वर्षी आमची पहिलीची तुकडी बंद पडायची वेळ आली होती. या गृहस्थांनी हातातली इंग्रजी शाळेची जागा सोडून मुलगी आमच्याकडे दिली. त्यांचं उदाहरण सांगून मी आणखी घरं गाठली. तुकडी वाचली." आणि मला व्यासपीठावर बोलावून त्यांनी शाल घातली. निवृत्त होत होत्या त्या आणि शाल मला. डाव्या हाताने ती नीट वर ओढता येईना, तेव्हा आशूने मदत केली.

माइक माझ्या हातात आला. खरं काय ते सांगून टाकायचं वाक्य माझ्या तोंडात होतं, शपथेवर सांगतो. समोर सुमन बसली होती, माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "मराठी शाळा टिकल्या पाहिजेत." टाळ्या पडल्या. एकट्या सुमनने टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाई आता घरीच असतात, गुडघे दुखतात. मी अधूनमधून जातो. दार उघडलं की म्हणतात, "या गावंडे. आज कुणाला लुबाडून आलात?" मग चहा येतो, आशूची चौकशी होते, तिच्या मुलीची होते. घरात कुणी नवं माणूस असलं की ओळख करून देतात — हे गावंडे, यांनी आमची शाळा वाचवली. मी कप खाली ठेवतो आणि मान हलवतो.

कुणी हात दिला नाही, असं मी सांगत आलो, हे वर लिहिलंच आहे. एक हात तर माझ्या डोळ्यांदेखत मोडला.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. विकलेला माल खोटा निघाला तर मी परत घेतो, कितीही दिवस झाले असले तरी. हा एकच सौदा मी परत घेतला नाही.

बाई, आमच्याकडे कुठलीच जागा नव्हती. तीन ठिकाणांहून हाकलून दिलेल्या आईबापांची पोर होती ती, आणि तुम्ही तिला स्वतःहून मागायला आलात. मी हात जोडायचे होते. त्याऐवजी तुम्हाला मे महिन्याच्या उन्हात उंबऱ्याबाहेर उभं ठेवून मी भाव केला, कारण उभं असलेलं माणूस लवकर कबूल होतं, हे मला माहीत होतं. माझ्यामागे दुकानभर खुर्च्या होत्या. मी तुम्हाला बसा म्हटलं नाही.