आबांच्या बंदुकीचा पट्टा

शांताआत्याला कुणी नवी वस्तू दाखवली, की ती आधी नाक मुरडायची आणि मग वस्तूकडे बघायची. माझ्या लग्नातला सूट बघून म्हणाली होती, "कापड झकास आहे. आतल्या माणसाचं काय करायचं?" आमच्या बेलवलीत तिच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे.

धजले ते आमच्या वस्तीच्या सभागृहाचे अध्यक्ष. महायुद्धात लढलेल्या इथल्या शिपायांची आठवण म्हणून त्यांनी रीतसर परवानगीने एक जुनी, नळी बुजवलेली थ्री-नॉट-थ्री रायफल मिळवली होती. त्या शिपायांत माझे आजोबा म्हणजे आत्याचे वडील आबाही होते. बंदुकीला पट्टा नव्हता. अध्यक्षांनी फौज पाहिली ती सिनेमात, त्यामुळे उल्हासनगरातून त्यांनी चकचकीत चामड्याचा पट्टा आणला. बक्कल वाटीएवढं.

आत्या आबांचा स्वतःचा पट्टा घेऊन आली. खाकी, जाड कापडी, धुऊन धुऊन विटलेला, टोकांना पितळ. अध्यक्ष म्हणाले, ब्रिटिशांच्या काळात चामड्याचेच असायचे, त्यातच शान आहे, ही तर पडद्याची नाडी दिसते.

"शान नवरदेवाला लागते," आत्या म्हणाली. "हे चामडं लावा त्याच्या घोड्याला."

लोक हसले. अध्यक्ष चिडले आणि म्हणाले, चामड्याचं तुम्हाला एवढं वावडं कशाला?

आत्याचा आवाज एकदम खाली आला. "गावची मेलेली ढोरं ओढायला लागू नयेत म्हणून आबा फौजेत पळाले. तिथं हा कापडी पट्टा त्यांच्या खांद्यावर आला. आणि तुम्ही त्यांच्याच नावानं परत कातडं टांगताय?"

अध्यक्षांनी चामडं गुंडाळून ठेवलं. कापडी पट्टा चढला. आत्याने मान तिरकी करून पाहिलं आणि बंदूक वाकडी लावलीय म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी आत्या गेली. मला तिची फार आठवण येते, तिच्या टोमण्यांसकट. ती गेल्यावर महिनाभरात सभागृहात गेलो, तर भिंतीवर चामडं चमकत होतं आणि आबांच्या पट्ट्याने सतरंज्यांची गुंडाळी बांधलेली. डोकंच फिरलं. स्टुलावर चढलो, चामडं काढलं, आबांचा पट्टा लावला. अध्यक्ष धावत आले, कुणाला विचारून हात लावलास म्हणाले.

त्यांचा पट्टा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आत्या गेली. आबांचं घर अजून आहे."