बाबांच्या वजनाची स्प्रिंग

ये, बस अशी जवळ. फोनवर सांगायला घेतलं की तुझा कुकर तरी होतो, नाहीतर थोरल्याची शाळेची व्हॅन तरी येते. भावाचा विषय निघाला की "आई, ते नको" म्हणून तू फोनच ठेवतेस. ही काय रीत झाली बाई? आईचं बोलणं असं अर्ध्यात तोडतात का? म्हणून लिहितेय. कागद रागानं बाजूला टाकलास तरी थोड्या वेळानं परत उचलशील, एवढी तुला ओळखते मी.

गावी बाबांचे दिवस झाले त्या दुपारी तू ओसरीवर चार माणसांत त्याला म्हणालीस, "बाबा मरत होते आणि तू गाडीशी खेळत होतास." तो उठला, चपला घातल्या आणि मळ्याकडे चालत गेला तो अंधार पडल्यावर परत आला. त्याला वर्ष होऊन गेलं. तू अवघडलेली होतीस, तुझ्या तोंडून दुःख बोलत होतं, हे मला कळत होतं. नंतर तुझ्या बाळंतपणाला आले तेव्हा सांगावंसं फार वाटलं. पण ओल्या बाळंतिणीला रडवायचं नसतं, म्हणून गप्प बसले. आता बाळ रांगायला लागलंय. आता ऐक.

ती लाल गाडी तू फोटोत नाहीतर फोनवरच पाहिलीस. दोन दारांची, जुनी, जपानी. पळवायची गाडी. इथं दोह्यात कुणा पोरानं ठोकून टाकून दिलेली, ती ह्या दोघांनी स्वस्तात उचलली. तुझे बाबा सगळा जन्म इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिलेले, आणि तुझा भाऊ गॅसच्या कंपनीत नळ्यांचे नकाशे काढणारा. एरवी बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "एसी बंद कर". गाडी आली आणि दोघांना विषय मिळाला. शुक्रवार उजाडला की निघालेच. एका मल्याळी माणसाच्या गॅरेजमध्ये त्यांना कोपरा मिळाला होता. मी डबा घेऊन जायची आणि पंख्याखाली बसून ह्यांची भांडणं ऐकायची.

सस्पेन्शन म्हणजे काय ते मला तिथंच कळलं. चाकाच्या वर एक शॉकअप असतो आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. ह्या दोघांना विकतची नको होती. बाबांनी लेथवर शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडले, बाटलीच्या तोंडाला असतात तसे, आणि त्यावर फिरणारी जाड चकती केली. स्प्रिंग त्या चकतीवर टेकते. चकती वर फिरवली की गाडी उचलते, खाली फिरवली की बसते. शिवाय शॉकअपच्या डोक्यावर एक बटण, ते फिरवून कडक करा नाहीतर मऊ. इथली वाळू आट्यांत शिरून चकती अडकायची, तर मी माझ्या मशीनवर रबरी कापडाचे मोजे शिवून दिले, स्प्रिंगांना घालायला. मोजे बघून तो मल्याळी म्हणाला, चाची, दोहा में गाडी को ठंडी लगती है क्या.

तेव्हा सगळं कडक आणि खाली ठेवलेलं. वळणावर गाडी झुकता कामा नये म्हणे. मी एकदा बसले मागच्या सीटवर, म्हणजे सीट नावाला, पाय मुडपून बसायचं. घरी आले तोवर दातसुद्धा दुखायला लागले होते. बाबा मात्र खूश. मला म्हणाले, तुला बैलगाडीची सवय, तुला नाही कळायचं.

मग त्यांची पाठ धरली. लेथवर उभं राहून धरली असेल म्हणून आम्ही शेकत बसलो. तपासण्या झाल्या तेव्हा आजार मणक्यात उतरलेला होता. हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, कारण तुला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. आधीचं पोटातच गेलेलं, म्हणून ह्या खेपेला सगळ्यांचाच जीव टांगलेला. बाबांनी आम्हा दोघांना बजावलं, पोरीला यातलं अक्षर सांगायचं नाही. ती विमानात बसायला निघेल.

रेडिएशनला रोज न्यायचं होतं. आपल्या अल मन्सूराच्या गल्ल्या तुला आठवतात ना, दर चार पावलांवर स्पीडब्रेकर. टॅक्सीवाला बिचारा गोगलगायीसारखा चालवायचा, तरी एकेका ब्रेकरला ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. ओरडायचे नाहीत. माझं मनगट धरायचे, इतकं घट्ट की बांगडी वाकली. तुझ्या भावानं ऑफिसमधल्या मित्राची मोठी गाडी आणली, तीत चढताना हाल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी म्हणाले, आपल्या गाडीतनं ने.

मुलगा म्हणाला, बाबा, ती दगड आहे दगड. आणि इतकी खाली की तुम्हाला वाकता येणार नाही.

"मग चकत्या कशाला केल्या आपण? वर घे, मऊ कर. टॅक्सीत मी पेशंट असतो रे. आपल्या गाडीत मिस्त्री असतो."

आता तू म्हणशील, आजारी माणसाचा हट्ट, त्यानं ऐकायला नको होता. मीही आधी तेच म्हणाले. पण जो माणूस दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला, तो उठून बसला आणि कागदावर स्प्रिंग काढायला लागला. मग मी कशाला आडवी येते?

मुलानं सुट्टी टाकली आणि सगळं सस्पेन्शन खोललं. बारीक तारेच्या लांब स्प्रिंगा शोधून आणल्या. गाडी इतकी उचलायची की बाबांना खुर्चीवर बसल्यासारखं सरळ आत बसता यावं. इथंच घोळ होता. मऊ स्प्रिंग माणसाच्या वजनानं दबते. म्हणून आत माणूस बसवूनच चकती लावावी लागते, आणि त्याच माणसाचं वजन हवं. बाबांना तासन्‌तास कोण बसवणार? म्हणून मी आणलेली बासमतीची पोती आणि डाळीच्या पिशव्या त्यांच्या सीटवर रचल्या आणि वरून पट्टा लावला. बाबा पंख्याखाली पाठीला उशी लावून बघत बसलेले. म्हणाले, माझ्यापेक्षा बासमती बरी, चुका काढत नाही.

पहिल्यांदा बसलं तर छान. पण आठवड्या-दोन आठवड्यांत गाडी पुन्हा नाचायला लागली. त्यांचं अन्न तुटलं होतं. मला ते कपड्यांवरनं दिसत होतं, मुलाला गाडीवरनं कळलं. माणूस हलका झाला की तीच स्प्रिंग कडक लागते. शुक्रवारी परत पोती रचली. मुलगा आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि डाळीची एक पिशवी हळूच काढून खाली ठेवली. जणू आम्ही बघितलंच नाही. मी डब्याचं झाकण लावत बसले.

बाबांनी बघितलं होतं. म्हणाले, "अजून एक काढ."

"एवढी नको, बाबा."

"काढ म्हणतो ना. खोट्या वजनावर स्प्रिंग बसत नाही."

त्यानं काढली. मग पाना घेऊन गाडीखाली सरकला तो कितीतरी वेळ बाहेर आलाच नाही. पान्याचा आवाजही येत नव्हता. तो मल्याळी काहीतरी विचारायला आला आणि गाडीखालून बाहेर आलेले पाय बघून तसाच मागे फिरला. बाबा वर पंख्याकडे बघत होते. मी पाण्याची बाटली गाडीपाशी नेऊन ठेवली. त्याहून जास्त मला काही सुचलं नाही.

त्याच वेळी तुझा व्हिडिओ कॉल आला. आठवतंय? बाबांनी घसा साफ केला, फोन घेतला आणि सरळ चाकाकडे धरला. "बघ, तुझ्या भावानं काय केलंय," असं म्हणाले. त्या दिवसांत तुझे जेवढे फोन आले तेवढ्यांत तुला चाकच दिसलं, स्प्रिंग दिसली, लाल पत्रा दिसला. तुला वाटलं, ह्या दोघांना गाडीपुढे काही सुचत नाही. अगं, स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून धरायचे ते फोन तिकडे. गालांची हाडं वर आली होती. आवाज तेवढा शाबूत होता, तो ते तुझ्यासाठी राखून ठेवायचे. फोन ठेवला की त्या दिवसाचं बोलणं खलास.

दुसऱ्या दिवशी निघालो. मी मागे, पाय मुडपून. मुलगा ब्रेकरच्या आधी मान पुढे काढून बघायचा, जणू डोळ्यांनीच गाडी वर उचलतोय. चार-पाच ब्रेकर झाल्यावर बाबांनी विचारलं, पहिला कधी यायचाय? तो म्हणाला, गेले सगळे. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, शाबासकी देतात तसा.

येताना त्यांना झोप लागली. घरात औषधानंसुद्धा लागत नव्हती ती झोप. आपली बिल्डिंग आली. मुलानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी न थांबवता पुढे काढली. किराणा, मेट्रोचं स्टेशन, डोशाचं हॉटेल, परत आपलीच गल्ली. पुन्हा बिल्डिंग आली, पुन्हा पुढे. पेट्रोलचा दिवा लागेपर्यंत तो फिरवत होता. त्यानंतर रोजच येताना असं करायचा. बाबांचं डोकं त्याच्या बाजूला कलंडलेलं असायचं, आणि हा एका हातानं गाडी चालवायचा, दुसरा त्यांच्या कपाळापाशी. ह्याला तू खेळ म्हणालीस.

रेडिएशन संपलं, आणि थोड्याच दिवसांत हॉस्पिटलमध्येच ठेवून घेतलं. तिथून ते परत आले नाहीत. पुढचं तू बघितलंस. पेटी विमानातून आली, मी आणि तो त्याच विमानात. माणूस आपल्या खाली सामानात आहे आणि आपल्याला जेवणाचा ट्रे देतायत, हे काय असतं ते मी कुणाला सांगू शकत नाही. त्यानं ट्रे घेतला नाही. माझा मात्र उघडून दिला.

गाडी आता पार्किंगमध्ये झाकून ठेवलीय. कव्हरवर बोटभर वाळू. विकत घ्यायला एक-दोघं येऊन गेले, त्यानं "बघू" म्हणून घालवलं. स्वतः मेट्रोनं जातो. रविवारी सकाळी, इथं तो कामाचा दिवस, डबा विसरला म्हणून धावत खाली गेले, तर हा त्या गाडीला टेकून उभा आणि हातात फोन. तू मला पाठवलेला बाळाचा फोटो मी त्याला पाठवला होता. तो दोन बोटांनी मोठा करून बघत होता. मला बघून म्हणाला, "आई, ह्याचे कान बाबांसारखे आहेत का गं?" मी म्हटलं, तुझ्या ताईला विचार. त्यानं फोन खिशात टाकला.

तो फोन करायचा नाही. त्या दिवशी तू बोललीस ते त्याला कुठंतरी खरंच वाटतं. मी किती सांगितलं, आईचं कोण ऐकतंय. ते तूच काढू शकतेस त्याच्या मनातून, आणि फोनवर ते निघायचं नाही. क्षमा माग असं मी म्हणत नाही. बाळ नुसतं त्याच्या मांडीवर ठेव आणि आत ये माझ्याकडे, मी चहा टाकते. थंडी सुरू होतेय, हवा बरी असते आता इथली, पोरांना त्रास व्हायचा नाही. जावयांना रजा नसेल तर तू एकटी ये. सामान कमी आण, लोणचं तेवढं आण. पण ये गं, लवकर ये.