सातवी रेघ

"दिसलं का आठवलं?"

कुणी काहीही सांगितलं की भाऊ आधी हा प्रश्न विचारायचे. मान जरा तिरकी, चष्मा कपाळावर, आणि उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे. उत्तर येईपर्यंत ती बोटं खाली यायची नाहीत. सत्याऐंशी साली मी जालन्याच्या त्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, खोक्यावर नंबर काय?" मी म्हटलं, "चौदा." "दिसलं का आठवलं?" मी चडफडत उठून पाहून आले. एकेचाळीस होता. त्या दिवशी मला या माणसाचा जो राग आला, तो जायला चांगली दोन वर्षं लागली.

जालना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोखंडाच्या भट्ट्या येतील, फार तर बियाण्यांच्या पिशव्या. विमान येणार नाही. पण औद्योगिक वसाहतीत दोन भट्ट्यांच्या मधे, पत्र्याच्या छपराखाली, आमचा पस्तीस-चाळीस माणसांचा कारखाना होता आणि तिथे विमानाच्या पायांचे भाग तयार व्हायचे. पाय म्हणजे लँडिंग गिअर. विमान उतरताना त्याच्या पोटातून चाकं बाहेर येतात ना, ती चाकं आणि त्यांना धरणारा सांगाडा. त्या सांगाड्याच्या सांध्यांत बसणाऱ्या पोलादी पिना आम्ही करायचो. वीतभर लांब, मनगटाएवढ्या जाड, तोंड बघावं इतक्या चकचकीत. दूरच्या एका विमान कारखान्याला त्या जायच्या. पिन पास की नापास हे भाऊ ठरवायचे आणि त्यांनी ठरवलेलं मी टाइप करायचे.

भाऊ हसनाबादचे. घरी शेती, पाठचे दोघे भाऊ ती बघायचे. यांनी आयटीआय केलं आणि आमच्या मालकांनी, शेठजींनी, त्यांना त्या विमान कारखान्यात तीन महिने शिकायला पाठवलं. तिथून ते एक परीक्षा पास होऊन आले आणि हा एक प्रश्न घेऊन आले. विमानात मात्र कधी बसले नाहीत. "बसू की," म्हणायचे, "पण उतरताना मला चैन पडंल का?"

त्यांची जागा म्हणजे कारखान्याच्या कोपऱ्यातली काळी खोली. खिडकी नाही, दाराला दोन जाड काळे पडदे, आत दोन स्टुलं आणि एक जांभळा दिवा. पिनेला चुंबकासारखं करायचं आणि तिच्यावर लोखंडाची बारीक भुकटी कालवलेलं तेल सोडायचं. पोलादाला कुठे केसभर तडा असेल तर भुकटी तिथे गोळा होते आणि त्या दिव्याखाली हिरवी रेघ उजळते. उन्हात भिंग लावूनही जे दिसत नाही ते तिथे दिसतं. पण आधी डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. नियमाने एखादं मिनिट पुरतं म्हणे. भाऊ पाच मिनिटं डोळे मिटून स्टुलावर बसायचे. बाहेर कुणी हाका मारल्या तर आतून शांत आवाज यायचा, "डोळे येऊ द्या."

मालाला हात लावायच्या आधी ते रोज एक जुनी नापास पिन बघायचे. तिची गोष्ट मी लागायच्या आधीची, काळी खोलीही नव्हती तेव्हाची. कारखान्याने केलेला पहिलावहिला माल विमान कारखान्याने जसाच्या तसा परत पाठवला होता. घासताना पिना जास्त तापल्या आणि त्यांना बारीक तडे गेले. शेठजींनी संतापून सगळा माल शेजारच्या भट्टीत घालायला काढला. भाऊंनी त्यातली एक पिन मागून घेतली. म्हणाले, "ही आपली लाज आहे, शेठजी. ही राहू द्या." त्या पिनेवर सात तडे होते. रोज सकाळी त्या सातही रेघा दिसल्या तर दिवा बरोबर, भुकटी बरोबर, डोळे बरोबर. मगच दिवसाचं काम सुरू. "आधी आपली परीक्षा, मंग मालाची," असं ते म्हणायचे.

बाहेर येऊन ते मला आकडा सांगायचे आणि मी फॉर्मच्या पहिल्या ओळीत तो टाइप करायचे. सात. रोज सात. पुढे पुढे तर मी भाऊ आत असतानाच सात टाइप करून ठेवायला लागले. खोटं कशाला बोलू, त्यात मला हुशारी वाटायची.

त्यांच्या प्रश्नाने सगळे हैराण होते. एकदा जालन्याच्या स्टँडवर खिडकीतल्या माणसाने सांगितलं, हसनाबादची गाडी गेली.

"दिसली का आठवली?"

"अहो, रोज याच टायमाला जाती!"

"मंग आठवली," म्हणून भाऊ बाकावर बसले. बाकीची माणसं खिडकीतल्या माणसावर विश्वास ठेवून जीपमध्ये स्वतःला कोंबून गेली. गाडी मागच्या बाजूला चाक बदलत उभी होती. भाऊ त्या गाडीतून एकटे, खिडकीजवळ पाय पसरून, राजासारखे घरी गेले. घरीही तेच. वहिनींना विचारायचे, "मीठ घातलेलं दिसलं का आठवलं?" वहिनी म्हणायच्या, "खाऊन पाहा. मंग दोघांनाबी कळंल."

शेठजींशी त्यांचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जालन्यात मुरलेलं. माणूस दिलदार, फक्त पिनेला नापासाची लाल चिठ्ठी बांधलेली दिसली की त्यांचा तोल जायचा. "अरे भाऊ, बालाएवढी बारीक रेघ! एवढ्यासाठी इतका खर्चा पाण्यात?"

भाऊ थंडपणे म्हणायचे, "शेठजी, गाडीचा आख मोडला तर माणूस पायी घरी येतं. तिथून पायी यायला रस्ता न्हाई."

यावर शेठजी पाय आपटत जायचे आणि थोड्या वेळाने दोघांसाठी चहा पाठवायचे.

एका वर्षी कारखान्याची सहल लेण्यांना गेली. येताना चिकलठाण्याला विमानतळाच्या तारेच्या कुंपणाजवळ आमची बस थांबली. विमान उतरत होतं. आम्ही सगळे तोंडं वर करून, पंख बघ, खिडक्या बघ, असा आरडाओरडा करत होतो. भाऊ तारेला धरून वाकून उभे होते आणि त्यांची नजर फक्त चाकांवर होती. चाकं जमिनीला टेकली, धूर निघाला, विमान जरा उसळलं आणि धावत गेलं. भाऊंनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

मी म्हटलं, "भाऊ, यात आपली पिन असेल का हो?"

"दिसली का?"

"नाही."

"मंग म्हणू नका." पण बसमध्ये चढताना स्वतःच हळूच म्हणाले, "असली तर चांगली असंल." अशी बढाई त्यांच्या तोंडून मी एवढी एकदाच ऐकली.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. तोपर्यंत आमचा सगळा माल विमान कारखान्याचा माणूस येऊन पुन्हा तपासायचा आणि मगच तो जायचा. दोन हजार तीनच्या सुमाराला त्यांचं पत्र आलं. इतक्या वर्षांत भाऊंनी पास केलेली एकही पिन त्यांना नापास करावी लागली नाही, तेव्हा यापुढे त्यांचा माणूस येणार नाही. भाऊंचा शिक्का हाच शेवटचा. सोबत शिक्का आला होता, करंगळीच्या नखाएवढा, गोल, मधे आकडा. शेठजींनी सगळ्या कारखान्याला पेढे वाटले. भाऊंनी शिक्का फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला आणि दिवसभर खिसा चाचपत राहिले. मला म्हणाले, "बाई, लय वर्षं वाट बघून राह्यलो होतो." त्यांना निवृत्त व्हायला चार वर्षं होती.

त्या शिक्क्यावर जाणारा पहिला माल तयार झाला. भाऊंनी एकेक पिन तपासली, खोकी भरून खिळे मारून झाले. शेवटचं एक खोकं राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता.

त्या सकाळी भाऊ काळ्या खोलीत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. आले, पुन्हा आत गेले. परत आले तेव्हा मी फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून राहिले.

"बाई, हा सात दिसला का आठवला?"

मी हसले. "रोजचाच आहे की, भाऊ."

"आज सहाच दिसल्या," ते म्हणाले. "सातवी आठवली."

माझं हसू तिथेच थांबलं. शेठजी धावत आले. "दिवा बराबर नसेल, भाऊ. भुकटी जुनी असेल."

"दिव्याचा उजेड मोजला. भुकटी नवी कालवली. दोनदा बसलो."

"पण तुम्हाला तर ती रेघ तोंडपाठ आहे! कुठे आहे, दाखवा."

भाऊंनी पिन हातात घेतली, डोळे मिटले आणि टोकापासून दोन बोटांवर अंगठा ठेवला. "इथं."

"बिलकुल बराबर! झालं तर मग!"

"या पिनेतली पाठ आहे, शेठजी. खोक्यातल्या पिनेत कुठं असंल, ते पाठ न्हाई ना."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही चला आत. ज्याला पाठ न्हाई अशा माणसानं पाहावं."

सोळा वर्षं मी तो आकडा टाइप करत होते आणि एकदाही त्या खोलीत गेले नव्हते. मी एका स्टुलावर बसले, ते दुसऱ्यावर. "डोळे मिटा. जल्दी करू नका. डोळे येऊ द्या." अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाच मिनिटांनी मी डोळे उघडले. जांभळ्या उजेडात हिरव्या रेघा दिसल्या. एक, दोन, तीन. सहावी चांगली ठळक होती. आणि टोकापासून दोन बोटांवर, धाग्याहून बारीक, सातवी.

मला ती दिसली. मी सहा म्हटलं असतं तर दोष दिव्यावर गेला असता. नवा दिवा आला असता, ट्रक गेला असता, भाऊंची चार वर्षं निघाली असती. जिभेच्या टोकावर सहा आला होता. त्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्याच खोलीत, मला खोटं बोलवेना.

"सात," मी म्हटलं.

"दिसली?"

"दिसली."

"मंग दिवा चांगला आहे," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. मला मात्र रडू आलं. अंधार होता म्हणून बरं.

बाहेर येऊन त्यांनी अंगातला एप्रन काढला, खिळ्याला टांगला आणि त्याच्या गुंडीला लाल चिठ्ठी बांधली. मग भरलेल्या खोक्यांकडे पाहत उभे राहिले. "काल सातवी दिसली होती का आठवली होती, तेच आता सांगता येईना," म्हणाले. "सगळी खोकी उघडा." शेठजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते ओरडले, विनवण्या केल्या, शेवटी चिडून म्हणाले, "भाऊ, तुम्ही तुमच्या हातानं तुमचं नाव खराब करून राह्यले!" पहिल्या खोक्याचे खिळे भाऊंनी स्वतः उपटले.

ट्रक रिकामा परत गेला. विमान कारखान्याचा माणूस आला आणि नऊ दिवस काळ्या खोलीत बसला. भाऊ रोज पडद्याबाहेर उभे राहून त्याला एकेक पिन पुसून देत होते. आठ दिवस काही निघालं नाही. शेठजी मला बघून कडवट हसायचे. नवव्या दिवशी एका पिनेवर रेघ निघाली. एकच पिन. भाऊंनी पास केलेली.

शेठजींनी ती हातात घेतली आणि खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, काळ्या खोलीत गेले आणि ती जुन्या पिनेशेजारी ठेवली. "ही पण भट्टीत जाणार नाही," म्हणाले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा भाऊ रडले.

विमान कारखान्याने कारखान्याची परवानगी काढून घेतली नाही. उलट पत्र आलं की पुढचे तपासनीस याच माणसाने शिकवावेत. भाऊंना मोतीबिंदू असता तर काढता आला असता. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचाच आजार आहे, वाढत जाणार. चार वर्षं भाऊंनी दुसऱ्यांचे डोळे तयार केले. तो शिक्का त्यांनी नव्या तपासनिसाला दिला, फडक्यासकट. स्वतः तो एकदाही कागदावर उमटवला नाही. या माणसाची प्रमाणपत्रं मी टाइप केली, हे मी आजही कुणी न विचारता सांगत सुटते. सांगणारच.

निवृत्तीनंतर ते हसनाबादला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. शेवटी त्यांना फारसं दिसत नव्हतं. वहिनी सांगत होत्या, कुणी भेटायला आलं की आवाज ओळखायचे आणि वर म्हणायचे, "दिसला न्हाईस बरं का, आठवलास."

माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी तपासनिसाला म्हटलं, आज पहिली पिन मी बघते. आत जाऊन स्टुलावर बसले, डोळे मिटले, पाचही मिनिटं थांबले. सात रेघा दिसल्या, एकेक मोजली. मग शेजारच्या स्टुलाकडे वळले. मान तिरकी, चष्मा कपाळावर, दोन बोटं डोळ्यांकडे.

दिसला नाहीत, भाऊ. आठवलात.